तापता समुद्र माकुलाचा नाही

समुद्रातले मासे आटत चालले, माकूल मात्र वाढतेच आहे; पाणी जसजसे तापेल तसतसा समुद्र माकुलाच्या हाती जाईल, असे मत हल्ली विज्ञानाच्या पुरवण्यांपासून मासळीबाजारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. कुवेतमध्ये ते अंमळ अधिकच ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. शर्कच्या मासळीबाजारात झुबैदीचा, म्हणजे आपल्या पापलेटचा, भाव ऐकून मागे सरलेले सालमिया-फहाहीलकडचे मराठी कुटुंब शेजारच्या ढिगातले माकूल घेऊन घरी येते. यापुढे हेच खायचे आहे, असे वाटेत कोणीतरी म्हणतेच. महाराष्ट्राने २०२३ साली ज्याला राज्यमासा ठरवले तोच मासा कुवेतचाही लाडका, आणि दोन्हीकडे तो हाताबाहेर चाललेला. त्यामुळे ‘मासा गेला, माकूल आले’ हे सूत्र डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाटते.

मला ते चुकीचे वाटते. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. लेचापेचा प्रतिपक्षी स्वतःच उभा करून त्याला लोळवण्यात कसला आलाय पुरुषार्थ?

तर पूर्वपक्ष असा. २०१६ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात ॲडलेड विद्यापीठातील झोई डबलडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. १९५३ ते २०१३ या साठ वर्षांतल्या, शीर्षपादांच्या ३५ प्रजाती वा प्रजातिगटांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या होत्या. माकूल, कटलफिश, ऑक्टोपस असे तिन्ही त्यात होते. किनाऱ्याला चिकटून राहणारे होते, तसेच भर समुद्रात भटकणारेही होते. एकूण कल चढता निघाला. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९९८ मध्ये, कॅडी आणि रॉडहाउस यांनी दाखवून दिले होते की तळालगतच्या माशांची पकड जिथे घसरली अशा अनेक क्षेत्रांत शीर्षपादांची पकड वाढली आहे. जीवशास्त्रही या पक्षाच्या बाजूने साक्ष देते. बहुतेक माकुलांचे आयुष्य वर्षभराचे, वाढ झपाट्याची, अंडी हजारोंनी आणि काही जातींत लाखोंनी. पिढी लवकर बदलते, म्हणून नव्या परिस्थितीशी जुळवूनही लवकर घेता येते. पॅसिफिकमधले जंबो माकूल १९९७ नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने वर सरकत थेट अलास्कापर्यंत पोचले, हे तर या पक्षाचे हुकमी पान. अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार २०१४ साली जगातली शीर्षपादांची पकड ४८ लाख टनांवर गेली; इतकी ती पूर्वी कधीच नव्हती.

एवढे सगळे खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

आधी आकड्यांकडे पाहू. डबलडे यांची मालिका २०१३ ला संपते, पकडीचे शिखर २०१४ चे. त्यानंतर काय झाले? २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांच्या दरम्यान जंबो माकुलाची पकड २६ टक्क्यांनी, जपानी उडत्या माकुलाची ३४ टक्क्यांनी आणि अर्जेंटिनाच्या आखूडपरी माकुलाची तब्बल ८६ टक्क्यांनी कोसळली. तिन्ही मिळून एका वर्षात १२ लाख टनांची घट. हे तिघे म्हणजे जगाच्या माकूल-व्यापाराचे तीन खांब. समुद्राचा भावी धनी एका वर्षात असा पालथा पडत असेल, तर त्या धनीपणाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल. बरे, निबंधकर्त्यांनी स्वतः तापमान हेच कारण म्हणून सिद्ध झाले असे कुठे म्हटले नव्हते. त्यांनी शक्यता मांडली होती, निकाल मथळ्यांनी दिला. या संशोधनाची सुरुवातसुद्धा एका ऱ्हासाच्या काळजीतून झाली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्पेन्सर आखातात व्हायलाजवळ दर हिवाळ्यात जमणाऱ्या महाकाय कटलफिशची संख्या घसरत घसरत २०१३ मध्ये तळाला गेली होती. पुढच्याच वर्षी ती पुन्हा उसळली. चढता कल शोधून काढणाऱ्यांच्या अंगणातच हा खालीवर खेळ चालला होता, हे मथळ्यांत आले नाही.

पकड वाढली म्हणजे प्राणी वाढले, हेही गृहीत धरता येत नाही. माकूल पकडण्याची तऱ्हा गेल्या अर्धशतकात पार बदलली. रात्री जहाजाच्या दोन्ही बाजूंनी प्रखर दिव्यांच्या माळा लावायच्या, उजेडाच्या कडेच्या अंधारात जमलेले माकूल यंत्राने खालीवर होणाऱ्या गळांवर ओढायचे. पूर्वी जाळ्यात आले तर विकायचे, आता मुद्दाम शोधत जायचे. साठ वर्षांच्या नोंदींत हा फरक कितीही गाळला तरी थोडा उरतोच.

पण माझा मुख्य आक्षेप आकड्यांवर नाही. वर्षभराच्या आयुष्याला सामर्थ्य समजण्यात खरी गफलत आहे. माकुलाच्या डोक्यात तोल सांभाळणारा एक बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वलय चढते. ती मोजून वय काढतात. बहुतेक जातींत ही मोजणी तीनशे-साडेतीनशेच्या आसपास संपते. एकदा वीण झाली की आईबाप मरतात. म्हणजे कोणत्याही क्षणी समुद्रात जवळजवळ एकच पिढी असते. कुवेतच्या जेवणात मान असलेला हामूर वीस-वीस वर्षे जगतो. एखादे वर्ष वाईट गेले तर त्याची त्या वर्षाची पिल्ले बुडतात, पण आधीच्या दहा वर्षांची शिल्लक समुद्रात असते. माकुलाला शिल्लकच नाही. चांगल्या वर्षी ते भसाभस वाढते आणि वाईट वर्षी भसाभस संपते, आणि दोन्हीचे कारण एकच. चढणीच्या वेळी काढलेल्या छायाचित्राला आपण भविष्य समजून बसलो.

आता कुवेतकडे वळतो, कारण हे मत तपासण्याची याहून चोख जागा पृथ्वीवर सापडणे कठीण. समुद्र तापणे आणि मासे घटणे या दोन गोष्टी माकुलाच्या पथ्यावर पडत असतील, तर दोन्ही इथे भरभरून आहेत. कुवेत उपसागराचे पाणी १९८५ पासून दर दशकाला सुमारे ०.६ अंशाने तापत आल्याचे मोजमाप आहे. जागतिक सरासरीच्या ते तिपटीच्या घरात जाते. ३० जुलै २०२० रोजी कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्चच्या उपसागरातल्या तरंगत्या केंद्राने पृष्ठभागाचे तापमान ३७.६ अंश नोंदवले. समुद्राच्या पाण्यात प्रत्यक्ष उपकरण ठेवून घेतलेल्या नोंदींत इतका आकडा तोवर कुठेच मिळाला नव्हता. माणसाच्या अंगाला लागला तर आपण क्रोसिन घेतो असा हा आकडा. हिवाळ्यात तेच पाणी १५ अंशांच्या आसपास किंवा खाली उतरते. मासे मरण्याचे प्रसंगही इथे नवे नाहीत. २००१ च्या उन्हाळ्यात उपसागरात बोयी माशांचा खच पडला होता, दोन हजार टनांहून जास्त.

मग सिद्धांताप्रमाणे इथे भर समुद्रातल्या माकुलांचे साम्राज्य असायला हवे. ते नाही. ज्यांच्या जोरावर ‘माकूल वाढते आहे’ असे म्हटले जाते, त्या उडत्या माकुलांच्या कुळातले कोणीही इराणी आखाताच्या या टोकाला वस्ती करत नाही. अरबी समुद्रात विपुल असलेले जांभळ्या पाठीचे उडते माकूल, स्थेनोट्युथिस ओआलानिएन्सिस, ओमानच्या आखातापर्यंत येते. होर्मुझच्या आतला समुद्र त्याच्या कामाचा नाही.

का नाही? खोली नाही म्हणून. इराणी आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, कुवेत उपसागराची तर पाचेक मीटर. शेवटच्या हिमयुगात हा सगळा भाग कोरडा होता. समुद्र आत शिरायला लागून चौदा-एक हजार वर्षे झाली असतील. जांभळ्या पाठीचे माकूल रात्री वरच्या शे-दीडशे मीटरांत शिकार करते आणि उजाडले की चारशे, कधी हजार मीटरपर्यंत खाली जाते. तिथे थंड आहे, अंधार आहे, ट्यूना आणि डॉल्फिन यांच्या नजरेपासून लपता येते. वरच्या उबदार पाण्यात रात्रीच्या वेळी ते झुंडीने दिसते म्हणून आपण त्याला उष्णतेचे प्रेमी ठरवले. त्याचा अर्धा दिवस कुठे जातो, हे बघितलेच नाही. अंड्यांचेही तसेच. या कुळातली मादी अंडी तळाला चिकटवत नाही. पारदर्शक जेलीचा मोठा गोळा पाण्यात सोडते, आणि तो वरच्या हलक्या आणि खालच्या जड पाण्याच्या सीमेवर तरंगत राहतो. जपानी उडत्या माकुलाची पिल्ले साधारण १८ ते २४ अंशांच्या पट्ट्यातच नीट जगतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्या माकुलाच्या चढउताराचा संबंध तिथले संशोधक अंडी घालण्याच्या जागांतल्या तापमानाशीच जोडतात. उबदार पाणी त्यांना हवे आहे, पण मापात, आणि त्याच्याखाली गार पाण्याचा आधार असेल तर.

इथे कोणी म्हणेल, कुवेतच्या बाजारात तर आखातातलेच माकूल येते. येते ना. भारतीय माकूल, ज्याला आपल्याकडे काही ठिकाणी नळमाकूल म्हणतात, ते आखातात आहे. फॅराओनी कटलफिश तर आहेच. तिच्या पाठीतला पांढरा हलका सांगाडा आपल्याकडे समुद्रफेन म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यातही लटकतो. पण हे दोघे उथळ समुद्राचे, तळाला धरून अंडी घालणारे. आणि ते तरी उन्हाळा कसा काढतात ते पाहा. आखातात कटलफिशच्या विणीचा भर हिवाळ्याच्या अखेरीला आणि वसंतात असतो. जुलैच्या पाण्यात अंडी ठेवण्याचा धंदा ती करत नाही. तापत्या समुद्राचा वारस म्हणून जिची वर्णी लावायची, तीच उन्हाळा चुकवून संसार करते!

यामागे शरीराची अडचण आहे, आणि ती मोठी मनोरंजक आहे. १९८६ साली ओडोर आणि वेबर या दोघांनी माकूल हा मासा का नाही, याच प्रश्नावर एक सुंदर निबंध लिहिला. माकूल पोटाच्या पिशवीत पाणी भरून नळीवाटे जोराने बाहेर फेकते आणि त्या धक्क्याने पुढे जाते. या युक्तीने क्षणभराचा वेग जबरदस्त मिळतो. २०१३ मध्ये होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी माकुलांची एक झुंड पाण्याबाहेर झेपावून सुमारे ३० मीटर अंतर सेकंदाला ११ मीटर वेगाने कापताना टिपल्याचे जाहीर केले. पण शेपटी हलवत पोहणाऱ्या तेवढ्याच माशापेक्षा या पद्धतीत ऊर्जा किती तरी जास्त खर्च होते. हा खर्च भागवायला प्राणवायू हवा, आणि नेमके रक्त तोकडे. माशाच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिन पेशींमध्ये ठासून भरलेले असते. माकुलाच्या निळ्या रक्तातले ताम्रयुक्त हिमोसायनिन मोकळे विरघळलेले असते. ते फार वाढवावे तर रक्तच घट्ट होऊन वाहीनासे होईल. म्हणून प्राणवायू वाहण्याची ताकद कमी. तीन हृदये लावून, एका फेरीत रक्तातला जवळजवळ सगळा प्राणवायू काढून घेऊन माकूल कसेबसे जमाखर्च जुळवते. तिजोरीत मागे काही राहत नाही.

अशा प्राण्याला गरम पाणी दोन्हीकडून मारते. तापमान दहा अंशांनी चढले की शरीराची प्राणवायूची मागणी दुपटीच्या किंवा त्याहून पुढे जाते. उलट तापलेल्या, खारट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कुवेतच्या हिवाळ्यातल्या पाण्यापेक्षा जुलैच्या पाण्यात तो साधारण एक तृतीयांशाने कमी मावतो. अंड्यांच्या बाबतीत प्रयोग झाले आहेत. लिस्बनच्या किनाऱ्यावरच्या युरोपीय माकुलाची अंडी नेहमीपेक्षा गरम पाण्यात उबवली तेव्हा पिल्ले वेळेआधी बाहेर पडली आणि त्यांतल्या जास्त पिल्लांत व्यंग दिसले, असे रोझा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदवले.

याच बाजूचा आणखी एक गाजलेला दाखला मी मुद्दाम बाजूला ठेवतो. समुद्र आम्लधर्मी झाल्याने जंबो माकुलाची श्वसनक्रिया आणि हालचाल मंदावते, असे २००८ मधल्या एका निबंधात होते. माझ्या म्हणण्याला तो फार सोयीचा आहे. पण दहा वर्षांनी, त्या निबंधाच्या दोघा लेखकांपैकीच एक असलेल्या सायबेल यांच्या सहभागाने झालेल्या नव्या कामात, रक्ताच्या मार्गाने असा परिणाम होत नसल्याचे दिसले. पूर्वपक्षाला आपण मथळ्यांवरून झोडपतो, तेव्हा आपल्या पदरातले खोटे नाणे आपणच काढून टाकलेले बरे.

पूर्वपक्षाचे सर्वांत कठीण उत्तर अजून शिल्लक आहे. ते म्हणतील, तुम्ही प्राणवायूची चणचण सांगता, पण माकूल तर प्राणवायू नसलेल्या पाण्यातच दिवस काढते. अगदी खरे. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत प्राणवायू जवळपास संपलेला एक जाड थर आहे. १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेला, जिचे नेते भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे सेमूर सेवेल होते, ओमानच्या किनाऱ्याजवळ या थराशी टेकलेला समुद्रतळ जवळजवळ निर्जीव आढळला होता. जांभळ्या पाठीचे माकूल दिवसा याच थरात जाते. पॅसिफिकमधल्या जंबो माकुलावर प्रयोग करून पाहिले, तेव्हा अशा पाण्यात ते आपली चयापचयक्रिया सुमारे ८० टक्क्यांनी खाली आणते असे कळले. शत्रू तिथे येऊ शकत नाहीत, हे येते. मग हा थर जितका फुगेल तितका माकुलाचा फायदाच, असा हिशेब.

हा हिशेब अर्धाच मांडलेला आहे. चयापचय दाबणे म्हणजे उधारीवर जगणे. त्यात वाढ होत नाही, पोहणे होत नाही, फार वेळ टिकताही येत नाही. रात्री प्राणवायूच्या पाण्यात परत येऊन ती उधारी फेडावी लागते. वरचे पाणी तापत गेले आणि खालून हा थर वर चढत आला, तर मधला फेडीचा पट्टा अरुंद होतो.

आणि कुवेत इथेच पुन्हा प्रवेश करते. आखातातले पाणी बाष्पीभवनाने इतके खारट आणि जड होते की ते होर्मुझमधून बाहेर पडताच ओमानच्या आखातात दोनशे-तीनशे मीटर खाली बुडते, आणि जाताना वरचा प्राणवायू सोबत घेऊन जाते. त्या कोंदट थराला मिळणारा हा एक झरोका. अबुधाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या शाखेतल्या झुहैर लश्कर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गणिती प्रतिमानाने दाखवले की आखात तापले तर हे पाणी पूर्वीइतके जड राहत नाही, तितके खोल जात नाही, आणि अरबी समुद्रातला प्राणवायूहीन थर आणखी तीव्र होतो. त्याच्या आदल्या वर्षी समुद्रात सोडलेल्या यंत्रचलित ग्लायडरांच्या मोजणीतून ओमानच्या आखातात प्राणवायू जुन्या नोंदींच्या मानाने बराच घटल्याचे दिसले होते. म्हणजे ज्या उथळ समुद्रात भर समुद्रातले माकूल कधी पाऊल टाकत नाही, त्याचा ताप शेकडो मैलांवरच्या माकुलाच्या श्वासापर्यंत पोचतो.

जंबो माकुलाच्या हुकमी पानाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. २००९-१० च्या एल निन्योनंतर कॅलिफोर्नियाच्या आखातात पाणी उबदारच राहिले. तिथल्या माकुलाने जुळवून घेतले यात शंका नाही: जे वर्ष-दीड वर्षाने मोठे होऊन प्रजनन करायचे, ते सहा महिन्यांच्या आत, पूर्वीपेक्षा फारच लहान असतानाच पिकू लागले. जात टिकली. त्या आखातावरच्या सांता रोसालिया गावातली मासेमारी मात्र बुडाली, कारण इतके लहान माकूल पकडून विकणे परवडेना. ‘माकूल टिकेल’ आणि ‘माकूल आपल्याला मिळत राहील’ ही दोन वेगळी विधाने आहेत. प्रचलित मत त्या दोहोंची खिचडी करते.

तेव्हा माझा पक्ष असा. तापत्या समुद्रात माकूल नष्ट होईल असे मी म्हणत नाही. इतका लवचीक प्राणी सहजी जात नाही. ते चढेल, कोसळेल, जागा बदलेल, आकार बदलेल. दहा वर्षांचा भरवसा ते देणार नाही, आणि मासे गेल्यावर जागा भरून काढण्याची तर त्याच्याकडून अपेक्षाच धरू नये.

हा वाद नुसत्या पुस्तकातला असता तर एवढी शाई खर्च केली नसती. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत मध्य अरबी समुद्रात जांभळ्या पाठीच्या माकुलाचा साठा २५ लाख टनांच्या आसपास असल्याचा अंदाज निघाला. तो वर्षभर जगणाऱ्या प्राण्याचा, त्या काळापुरता अंदाज होता. आपल्याकडे तो ठेवीच्या पावतीसारखा उद्धृत होतो. तोवर येमेन-ओमानसमोरच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात दिव्यांच्या माळा लावलेली जहाजे दाखल झालीच. २०१५ मध्ये ती ३० होती, २०१९ मध्ये २७९. हिंद महासागर ट्यूना आयोगाच्या यादीत माकूल नाही, आणि त्या पाण्यात माकुलाची मर्यादा ठरवणारी दुसरी संस्थाही नाही. फॉकलंड बेटांवाले हंगाम चालू असतानाच साठा मोजत राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या विणीपुरते माकूल समुद्रात उरणार नाही असे दिसले की जहाजांना मध्येच परत पाठवतात. अरबी समुद्रात जहाजांना परत पाठवायला कोणी नाही.